ऊब आणि हिशेब



आमच्या विज्ञानाच्या गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत यंदा मला बोलावलेत, हा मी माझा बहुमान समजतो. यापूर्वी या व्यासपीठावरून विद्वान वक्त्यांनी थोर विषय मांडले. मी विद्वान नव्हे. माझे सारे आयुष्य विजेच्या तारा, खांब आणि मीटर यांच्या सहवासात गेले. तेव्हा ज्या गोष्टीतले मला थोडेफार कळते तीच गोष्ट आपल्यासमोर मांडावी, असे ठरवून आलो आहे. विषय आहे घरातील विजेच्या हीटरचा. हिवाळ्यात तो वापरावा की नाही, वापरावा तर कोणता आणि कसा, आणि ऊब मिळूनही बिल आटोक्यात कसे राहील, एवढाच माझा प्रश्न आहे.

स्मृतिव्याख्यानाला हा कसला विषय, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्यांनी सरांचा वर्ग अनुभवला आहे त्यांना ठाऊक आहे की, सर आज श्रोत्यांत असते तर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला असता, "हीटर किती वॅटचा?"

टावर चौकातील प्रश्न

काल संध्याकाळी मी फ्रीगंजातून टावर चौकाच्या बाजूने पायी येत होतो. घंटाघराचे दिवे लागले होते, खाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी होती. विजेच्या सामानाच्या एका दुकानासमोर हीटरांची रांग मांडलेली दिसली. लाल सळ्यांचे हीटर, पंख्याचे ब्लोअर, आणि भट्टीच्या नळ्यांसारखे दिसणारे तेलाचे हीटर. एक वृद्ध जोडपे तेथे उभे होते. आपसांत मराठीत बोलत होते, मग आजोबांनी दुकानदाराला विचारले, "भैया, इनमें बिल किसका कम आता है?" दुकानदाराने सर्वांत महागड्या तेलाच्या हीटरवर हात ठेवला. आजोबांनी किंमत ऐकली, बाईंकडे पाहिले आणि दोघे काहीही न घेता निघून गेले.

ते जोडपे घरी जाऊन काय करणार, हे मला ठाऊक आहे. ती दोघे शाली पांघरून कुडकुडत बसणार, किंवा शेगडी पेटवणार. त्यांना दुकानात एका वाक्यात खरे उत्तर मिळाले असते तर कदाचित तसे झाले नसते. ते उत्तर असे की, बिल कमी येणारा हीटर या नावाची वस्तू त्या रांगेत नव्हतीच. बिल कमी येणारी वापरण्याची रीत मात्र आहे.

एक युनिट म्हणजे काय

सर पाठ्यपुस्तक हिंदी वाचीत आणि समजावीत मराठीतून. उष्णतेचा धडा आला की ते आम्हांला घरच्या मीटरकडे पाठवीत. त्या काळी मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरत असे आणि एका युनिटला ती किती फेरे घेते ते पट्टीवर छापलेले असे. आमच्या मीटरला ६०० फेरे होते. सर सांगत, "घरातले सगळे बंद करा, शंभर वॅटचा एकच दिवा लावा आणि मोजा." मिनिटाला एक फेरा होई. मग इस्त्री लावली की चकती मिनिटाला आठ-दहा फेरे घेई. त्या एका प्रयोगाने जे शिकलो ते पुढे अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात कुणी इतके स्वच्छ शिकवले नाही. आज चकती गेली, तिच्या जागी लाल ठिपका लुकलुकतो. परंतु एका युनिटला किती लुकलुकी ते आजही मीटरवर लिहिलेले असते. पुष्कळ मीटरांवर ३२०० हा आकडा आढळतो. प्रयोग तोच आहे, तो आजही करता येतो.

हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात काम आणि उष्णता यांचे जे नाते मोजून दाखवले, त्यानुसार एका युनिटपासून सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे ८६ लिटर पाणी दहा अंशांनी तापेल एवढी. हा आकडा हीटरच्या जातीवर अवलंबून नाही. लाल सळीचा असो, ब्लोअर असो, तेलाचा असो, दोनशे रुपयांचा असो वा दहा हजारांचा; विजेचे रूपांतर उष्णतेत करण्यात यांच्यात कुणीही कुणापेक्षा सरस नाही, कारण सगळेच जवळजवळ शंभर टक्के रूपांतर करतात. तेलाच्या हीटरमधले तेल जळत नाही. ते केवळ उष्णता साठवून सावकाश सोडते. त्याची सळी उघडी नसते, म्हणून लहान मुलांच्या घरी तो बरा. त्यातला तापमान-नियंत्रक खोली तापली की वीज तोडतो, हाही त्याचा गुण. पण मीटरने मोजलेल्या एका युनिटमागे तो एक किलोकॅलरीही जादा देत नाही.

याला अपवाद एकच. ज्या वातानुकूल यंत्राला उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम अशा दोन्ही सोयी असतात, ते बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणते. एका युनिटमागे ते सुमारे तीन युनिटांइतकी ऊब देऊ शकते. ज्यांच्या घरी असे यंत्र आधीच बसवलेले आहे त्यांनी हीटर घेण्यापूर्वी त्याच्या रिमोटवरचे सूर्याचे चिन्ह दाबून पाहावे.

ऊब जाते कोठे

रूपांतर सारखेच असेल तर फरक पडतो कोठे? तो पडतो ऊब जाते कोठे यात. फ्रीगंजातील जुन्या घरांपैकी एखादी बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यातल्या हवेचे वजन सुमारे पन्नास किलो भरते. ही सारी हवा दहा अंशांनी तापवायला लागणारी वीज एका युनिटच्या सातव्या हिश्श्याहून अधिक नाही. ऐकून नवल वाटेल, पण हिशेब करून पाहा. आता भिंती घ्या. चारही भिंतींचा केवळ आतला दोन इंचांचा थर धरला तरी त्याचे वजन चार टनांच्या घरात जाते, आणि तेवढा थर एका अंशाने तापवायला जवळजवळ एक युनिट लागते. दहा अंशांना नऊ-दहा युनिटे. तोवर दाराच्या फटीतून तापलेली हवा निघून जाते आणि थंड हवा आत येते ती वेगळीच.

म्हणून ब्लोअर बंद करताच पाच मिनिटांत खोली पूर्ववत गार होते. हवा तापलेली असते, भिंती गारच असतात. शिवाय तापलेली हवा हलकी होऊन छताकडे जाते. आपल्या जुन्या घरांची छते उंच. तेव्हा आपण बिल भरून कोळ्याच्या जाळ्यांना ऊब देतो.

लाल सळीच्या हीटरचे काम निराळे आहे. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण असे तीन मार्ग आपण सातवी-आठवीत शिकतो. या हीटरची बरीचशी उष्णता प्रारणाने, म्हणजे सूर्याच्या उन्हासारखी, समोर असलेल्या वस्तूवर थेट पडते. त्याच्यासमोर चार फुटांवर बसलेल्या माणसाला ४०० वॅटच्या एका सळीनेही पुरेशी ऊब मिळते, मग खोलीची हवा सोळा अंश असो की अठरा. खोली तापवण्याचा हट्ट सोडला आणि माणूस तापवण्याचे ठरवले की हिशेब पार बदलतो.

ही युक्ती नवी नाही. काश्मिरी माणूस फिरनच्या आत कांगडी घेतो. जपानात बुटक्या मेजाखाली निखारे आणि पुढे विजेची सळी ठेवून वरून जाड पांघरूण सोडतात आणि सारे कुटुंब त्यात पाय घालून बसते. २०२२ साली ब्रिटनमध्ये इंधनाचे दर भडकले, तेव्हा तेथेही लोकांना हाच सल्ला दिला गेला की घर तापवत बसू नका, माणूस तापवा.

याच न्यायाने सर्वांत स्वस्त हीटर अंथरुणात आहे. झोपलेल्या माणसाचे शरीर सत्तर-ऐंशी वॅटची उष्णता सतत बाहेर टाकत असते. रजईतल्या कापसात अडकलेली हवा ती धरून ठेवते. कापूस दबून त्याच्या गाठी झाल्या की रजई निकामी होते; पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला की तीच रजई पुन्हा काम देते. झोपण्यापूर्वी दोन लिटर पाणी वीस अंशांवरून सत्तर अंशांपर्यंत तापवून रबरी पिशवीत भरले तर खर्च होतो सुमारे ०.१२ युनिट. एका युनिटमध्ये अशा आठ पिशव्या होतात. विजेचे पांघरूण शंभर वॅटचे असेल आणि निजण्यापूर्वी तासभर लावून बंद केले, तर महिन्याला तीन युनिटे.

आणि उन्हाला विसरून चालणार नाही. आपले उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. आपल्या वेधशाळेत, जिचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंद्यांनी केला आणि जिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे होते, तेथे सर आम्हांला दरवर्षी २२ डिसेंबरला शंकूची दुपारची सावली मोजायला नेत. वर्षातल्या त्या सर्वांत लहान दिवशीही दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंश वर असतो. निरभ्र दिवशी गच्चीच्या एका चौरस मीटरवर सहाशे वॅटच्या आसपास ऊन पडते. दक्षिणेकडच्या खिडकीचा पडदा सकाळी उघडणे आणि सूर्यास्तापूर्वी ओढून घेणे, रजया गच्चीवर वाळवणे, वृद्धांनी दुपारी उन्हात बसणे, या आपल्या आजीच्या सवयींना विज्ञानाचा पूर्ण आधार आहे.

बिलाची मर्यादा-रेषा

आता पैशांकडे वळू. हिशेबाच्या सोयीसाठी सर्व आकार धरून युनिटला सात रुपये मानू. हजार वॅटचा हीटर रोज तीन तास चालला तर महिन्याला ९० युनिटे, म्हणजे ६३० रुपये. ४०० वॅटची एक सळी रोज दोन तास लावली तर २४ युनिटे, म्हणजे १६८ रुपये.

परंतु आपल्या मध्य प्रदेशात याहून मोठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २०१९ पासून, आधी इंदिरा गृह ज्योती आणि नंतर अटल गृह ज्योती या नावाने, घरगुती ग्राहकांसाठी जी सवलत आली तिचे सूत्र असे की, महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये. १५० ची रेषा ओलांडली की त्या महिन्याची सवलत गेली. समजा एका घरात हीटरवाचून १२० युनिटे जातात. स्थूलमानाने बिल २४० रुपये. त्यांनी हजार वॅटचा हीटर तीन तास लावला. वापर झाला २१०, आणि बिल १४७० च्या घरात गेले. वाढलेल्या १२३० रुपयांपैकी हीटरच्या विजेचे केवळ ६३०. उरलेले सहाशे रेषा ओलांडल्याचे. त्यांनीच ४०० वॅटची सळी दोन तास लावली असती तर वापर १४४ झाला असता आणि बिल ४०८. एका घरात हीटर परवडतो आणि शेजारच्या घरात तोच हीटर डोळ्यांत पाणी आणतो, याचे कारण बहुधा येथे असते. म्हणून हीटर घेण्यापूर्वी मागच्या महिन्याचे बिल काढून त्यावरील युनिटांचा आकडा पाहावा, आणि दर व सवलतीचे नियम बदलत असल्याने ते त्या-त्या वर्षीच्या बिलावरूनच ताडून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट. थंडीत बिल वाढले की सारा दोष हीटरला दिला जातो. खरा खादाड पुष्कळदा न्हाणीघरात असतो. वीस लिटरची बादली अठरा अंशांवरून चाळीस अंशांवर आणायला अर्धे युनिट लागते. चार माणसांच्या घरात रोजची दोन, महिन्याची साठ युनिटे. गीझर दिवसभर चालू ठेवला तर त्याहून अधिक. ज्या गच्चीवर सूर्यतापकाची टाकी बसू शकते तेथे ती बसवली तर हीटरची चैन सहज परवडते.

परदेशातील अनुभव

आपले अनेक माजी विद्यार्थी आज अमेरिकेत आहेत. तेथील गोष्ट निराळी. तेथे सबंध घर एकाच भट्टीने, बहुधा गॅसवर, तापवलेले असते. माझा पुतण्या न्यू जर्सीत राहतो. हीटरने बिल कमी होते असे ऐकून त्याने १५०० वॅटचा एक हीटर आणला आणि अभ्यासिकेत लावला. महिनाअखेर एकूण खर्च वाढला. त्याने मला दूरध्वनी केला. मी विचारले, "भट्टीचे तापमान किती अंशांनी उतरवलेस?" उत्तर आले, "काका, ते तर तसेच ठेवले."

तिकडे एका युनिटभर उष्णता गॅसपासून घेतली तर ती विजेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. तेव्हा विजेचा हीटर तेथे बचत करतो तो एकाच अटीवर: माणसे एका खोलीत बसणार असतील आणि उरलेल्या साऱ्या घराचे तापमान खरोखरच खाली आणले असेल तर. अमेरिकी ऊर्जा खात्याचा अंदाज असा की, दिवसातून आठ तास घराचे तापमान सात ते दहा फॅरनहाइट अंशांनी उतरवले तर वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होते. बचत त्या उतरवण्यात आहे. हीटर केवळ ते उतरवणे सुसह्य करतो. पुतण्याने पुढच्या महिन्यात तसे केले आणि फरक दिसला.

आपल्याकडे उतरवायला भट्टीच नाही. आपला हीटर शून्यावर चढतो. म्हणून तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू करता येत नाही. दोन्हीकडे सत्य मात्र एकच आहे की, जेथे माणूस आहे तेथे आणि तो आहे तेवढाच वेळ ऊब हवी.

शेगडीला मीटर नसते

आता मी एक घरगुती गोष्ट सांगणार आहे. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. परंतु सरांच्या स्मृतिव्याख्यानात ती न सांगणे हे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१९९६ चा जानेवारी. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, घंटाघराच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या जुन्या घरात एकटेच राहत. आई आदल्या वर्षी गेली होती. वय चौऱ्याहत्तर, निवृत्तिवेतन बेताचे. माझी नेमणूक दुसऱ्या गावी होती. दिवाळीत आलो तेव्हा त्यांच्यासाठी हजार वॅटचा, एका सळीचा हीटर घेऊन आलो होतो. पॉवरचा स्वतंत्र प्लग बसवून दिला, लावून दाखवला आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात परत गेलो.

थंडीची लाट आली तेव्हा नानांनी हीटर खोक्यातच ठेवला. लोखंडी शेगडीत कोळसा पेटवला, निखारे लाल झाले म्हणजे धूर संपला, असे समजून ती निजायच्या खोलीत नेली आणि वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीत जुने धोतर कोंबले. पहाटे दूधवाल्याने हाका मारल्या. नानांना हाक ऐकू येत होती, पण उठता येत नव्हते, असे त्यांनी मागाहून सांगितले. दूधवाल्याला संशय आला. त्याने शेजाऱ्यांना बोलावून खिडकी फोडली. नाना अंथरुणाच्या कडेला वांती करून पडले होते. रुग्णालयात प्राणवायू लावला आणि ते वाचले.

धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. डोके जड होते, गुंगी येते आणि तो झोपेतच जातो. उत्तर भारतात अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि आपण त्या वाचून पान उलटतो.

मी धावत आलो. नाना घरी आल्यावर काहीशा रागानेच त्यांना विचारले, "नाना, हीटर दिला होता ना मी? मग शेगडी कशाला?" ते म्हणाले, "अरे, त्याचे बिल किती येईल कोण जाणे!"

त्याच संध्याकाळी सर काठी टेकीत नानांना भेटायला आले. तेव्हा ते निवृत्त झाले होते. सारी हकीकत ऐकून घेतली आणि माझ्याकडे वळून शांतपणे विचारले, "तू नानांना हीटर दिलास. हिशेब दिलास का?"

मी वीज खात्यातला अभियंता. साऱ्या शहराचा भार किती, कोणत्या तारेवरून किती वीज जाईल, हे कागदावर मांडणारा. आणि माझ्या वडिलांना मी एवढेही सांगितले नव्हते की, संध्याकाळी एक तास आणि पहाटे अर्धा तास हीटर लावला तर दिवसाला दीड युनिट आणि महिन्याला पंचेचाळीस युनिटे होतात. सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि नानांच्या शेजारी बसून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तो हिशेब मांडला. त्या वेळच्या दराने महिन्याचा खर्च त्या वर्तमानपत्राच्या मासिक बिलाच्या आसपास निघाला. नाना पुष्कळ वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "एवढेच?"

मग सरांनी त्यांना कोळशाचाही हिशेब सांगितला. एक किलो कोळशात सुमारे सात हजार किलोकॅलरी, म्हणजे आठ युनिटांइतकी उष्णता. तेव्हा कोळशाच्या किलोच्या भावाला आठाने भागावे आणि येणारा आकडा विजेच्या दराशेजारी ठेवून पाहावा. कोळसा फुकट वाटतो, कारण शेगडीला मीटर नसते.

त्यानंतर नाना आठ हिवाळे जगले. प्रत्येक हिवाळ्यात हीटर वापरला. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात बिलांची चळत सापडली. प्रत्येक जानेवारीच्या बिलावर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले होते, "पैकी हीटर ४५", "पैकी हीटर ४१". ती बिले मी अजून जपून ठेवली आहेत.

काही व्यावहारिक सूचना

अभियंता म्हणून काही गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर वीज घेतो. घरातला लहान प्लग सहा अँपिअरचा असतो. त्यात हीटर लावणे, किंवा दूरदर्शनसंचासाठी आणलेल्या बारीक तारेच्या एक्स्टेंशन बोर्डावरून तो चालवणे, म्हणजे भिंतीच्या आत दुसरा हीटर पेटवणे होय. हीटरला मोठा, सोळा अँपिअरचा प्लग आणि चांगले अर्थिंग हवे. जुन्या घरांत लाकडी पट्टीतल्या तारा अजून असतील तर आधी त्या बदलाव्यात. लावल्यावर दहा मिनिटांनी प्लगजवळ हात न्यावा. तो तापत असेल तर हीटर बंद करून मिस्त्री बोलवावा. खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. पडदा, अंथरूण आणि हीटर यांत तीन-चार फुटांचे अंतर ठेवावे. हीटर चालू ठेवून झोपू नये आणि त्यावर ओले कपडे वाळत घालू नयेत. गॅसवरचा गीझर बंद न्हाणीघरात लावणे हे शेगडीइतकेच घातक आहे; तो बाहेर, मोकळ्या हवेत असावा.

आणि ज्या घरी वृद्ध माणसे आहेत तेथे काटकसरीलाही एक सीमा असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घराच्या आतील तापमान थंडीत १८ अंशांच्या खाली जाऊ नये, अशी शिफारस केली. माझ्या घरातल्या तापमापकावर जानेवारीच्या पहाटे मी चौदा-पंधरा अंश पाहिले आहेत. तरुण माणूस ते सोसतो. म्हाताऱ्या माणसाच्या हृदयावर आणि श्वासावर त्याचा भार पडतो, आणि तो तक्रार करीत नाही. बिल वाचवण्यासाठी कुडकुडणे यात कोणतेही पुण्य नाही.

समारोप

आज फ्रीगंजातल्या आणि जुन्या शहरातल्या कितीतरी मराठी घरांत दोनच वृद्ध माणसे उरली आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, सातासमुद्रापार. मुले प्रेमळ आहेत. ती घरबसल्या हीटर मागवून पाठवतात. खोके घरी येते आणि पुष्कळदा खोक्यातच राहते. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, हीटर पाठवाल तेव्हा सोबत एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून पाठवा: हा इतक्या वॅटचा आहे, रोज इतके तास लावा, महिन्याला इतकी युनिटे होतील, इतके रुपये लागतील, आणि ते मी भरणार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक गृहपाठ देतो. आज घरी गेल्यावर मीटरवरचा आकडा वाचा. सारे दिवे बंद करून हीटर लावा आणि मिनिटभर लाल ठिपका किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्यावरून एका तासाचा खर्च काढा आणि तो आजी-आजोबांना सांगा. तुमच्या गल्लीत कुणी एकटे राहत असेल तर त्यांच्याकडे जाऊन त्यांनाही हिशेब करून द्या आणि शेगडी निजायच्या खोलीत नेत नाहीत ना, एवढे विचारून या. सरांचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत मला सुचत नाही.

घंटाघराजवळ भेटलेल्या त्या जोडप्याचे नाव-गाव मला ठाऊक नाही. मी त्यांना तेथेच थांबवून बोलायला हवे होते. संकोचाने बोललो नाही, याची रुखरुख काल रात्रीपासून मनात आहे. ती दोघे याच परिसरातली असावीत. आपल्यापैकी कुणाच्या ओळखीची असतील तर माझा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवावा, की सर्वांत साधा, ४०० वॅटच्या सळीचा हीटर घ्या, संध्याकाळी दोघांनी त्याच्यासमोर दोन तास बसा, आणि दिवसाला सहा रुपयांहून कमी खर्च येईल.